नवापूरचं बाकडं आणि रियाध–दोहा रेल्वे

डिसेंबरातली लग्नसराई. सुरतेला मामेबहिणीच्या घरी कार्य होतं म्हणून भुसावळ–सुरत पॅसेंजर धरली. नंदुरबार सोडल्यावर गाडी नवापूरला थांबली आणि मागच्या एक्स्प्रेसला पुढे काढायचं म्हणून थांबूनच राहिली. फोन चाळता चाळता बातमी दिसली: सौदी अरेबिया आणि कतार यांनी ८ डिसेंबर २०२५ रोजी हायस्पीड रेल्वेचा करार केला. रियाध ते दोहा, ७८५ किलोमीटर, वेग ताशी ३००च्या वर, प्रवास साधारण दोन तासांचा, काम सहा वर्षांत पूर्ण. समोरच्या सीटवरचे दोंडाईच्याचे एक काका माझ्या फोनमध्ये डोकावत होते, म्हणून मोठ्यानं वाचली. त्यांचा पुतण्या दोह्यात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे.

काकांनी वेग विचारला नाही, खर्चही विचारला नाही. म्हणाले, "दोन देशांतून जाईन गाडी, मंग पासपोर्ट कोठे पाहतीन? वाळवंटात गाडी उभी करतीन का?"

याहून नेमका प्रश्न मला आजवर कुठल्या चर्चेत ऐकू आलेला नाही. आणि तो विचारला गेला तोही नवापूरला. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. फलाटावरचं एक बाकडं असं आहे की या टोकाला बसलं तर नंदुरबार जिल्हा आणि त्या टोकाला सरकलं की तापी जिल्हा. घोषणा चार भाषांत होतात. पण गाडीला यातलं काही कळत नाही. रेल्वे एक, रूळ एक, वरची तार एक, नियमांचं पुस्तक एक. ही चारही जिथे दोन-दोन होतात तिथे काय होतं, हे पाहिलं की काकांना उत्तर मिळतं.

हायस्पीड कशाला म्हणायचं

नवा मार्ग बांधला असेल तर ताशी २५० किलोमीटर किंवा जास्त, आणि जुना मार्ग सुधारला असेल तर २००च्या आसपास, अशी जगभर चालणारी ढोबळ व्याख्या आहे. आपली वंदे भारत १३० ते १६०ची, म्हणजे ती या पंक्तीत बसत नाही. छान गाडी आहे, पण हायस्पीड नाही.

गाडी विकत आणता येते. पैसा जातो मार्गात. ताशी ३००नं धावायचं तर वळणाची त्रिज्या चार-पाच किलोमीटर किंवा त्याहून जास्त लागते, म्हणजे डोळ्यांना रूळ जवळपास सरळच दिसले पाहिजेत. एकही फाटक चालत नाही. आणि रुळाकडेचे सिग्नल बिनकामाचे ठरतात: या वेगात गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते, ब्रेक लावल्यावर थांबायला तीनेक किलोमीटर घेते. लाल-हिरवा ओळखेपर्यंत खांब मागे गेलेला असतो. म्हणून सिग्नल ड्रायव्हरच्या समोर, केबिनमध्येच उमटतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी. आपल्याला वाटतं, घाट आडवा आला की वेग संपला. मुंबईला जाता-येता कसारा–इगतपुरीचा घाट आपण सगळ्यांनी पाहिलाय. ३७ मीटरला एक मीटर चढ, त्यासाठी मागून बँकर इंजिनं लावायची. पण जर्मनीतल्या कोलोन–फ्रँकफर्ट हायस्पीड मार्गावर २५ मीटरला एक मीटर इतका चढ आहे आणि गाडी तो ३००च्या वेगात सहज चढते. हलकी गाडी, मोठी ताकद. तिला चढ नडत नाही, वळण नडतं.

दुसरी गोष्ट थांब्यांची. भुसावळ ते जळगाव रेल्वेनं पंचवीसेक किलोमीटर. ३००नं गेलं तर पाच मिनिटं, असा हिशेब कागदावर होतो. पण गाडीला तो वेग घ्यायलाच पंधरा-वीस किलोमीटर लागतात आणि जळगावला थांबायचं तर त्याआधीच ब्रेक लावावा लागतो. म्हणजे या टप्प्यात गाडी आपला खरा वेग पाहणारच नाही. मग पाचोऱ्याचा थांबा, चाळीसगावचा थांबा, प्रत्येक आमदाराचा एक थांबा, असं करत गेलं तर महागडी पॅसेंजर तयार होते. दोन देशांच्या मार्गावर तर थांबा कोणाच्या हद्दीत किती, यावरूनही घासाघीस होते.

बातमीतला भागाकार

आता ७८५ किलोमीटर आणि दोन तास. भागाकार करा: सरासरी ताशी ३९२ किलोमीटर. चीनमध्ये बीजिंग–शांघाय हे १,३१८ किलोमीटर अंतर सगळ्यात वेगवान गाडी ४ तास १८ मिनिटांत कापते. कमाल वेग ३५०, सरासरी ३०६ पडते. रोज प्रवासी घेऊन चाकांवर धावणाऱ्या गाड्यांत यापुढे फारसं कोणी गेलेलं नाही.

मग दोन तासांचा आकडा आला कुठून? रियाध आणि दोहा यांच्यातलं सरळ अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. ठरलेल्या मार्गावर हुफूफ आणि दम्माम ही शहरं आहेत, आणि दम्माम बरंच उत्तरेला, समुद्रकाठी. म्हणजे ७८५ हा आकडा वळसा किंवा फाटा धरून असावा आणि दोन तास हे थेट गाडीचे असावेत, असा माझा अंदाज. पूर्ण ७८५ धावायचे आणि सरासरी २५० मिळाली, तर तीन तास आठ मिनिटं लागतील. वाईट नाही. पण दोन तास नाहीत.

पीजेचा धडा

आता नवापूरच्या त्या चार गोष्टींकडे येऊ. पहिली, रूळ.

पाचोरा–जामनेर गाडी, म्हणजे आपली पीजे, ज्यांनी पाहिली त्यांना गेज समजावून सांगायची गरज नाही. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. पीजेचं ७६२ मिलिमीटर, मुख्य लाईनचं १,६७६. त्यामुळे जामनेरहून निघालेल्या माणसानं पाचोऱ्याला उतरायचं, बोचकी-पेट्या उचलायच्या आणि मोठ्या गाडीत बसायचं. कापसाची गाठ असली तरी तेच. अंतर ५६ किलोमीटरचं, पण दोन रेल्वे एकमेकींत मिसळत नव्हत्या. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ती थांबली, आणि आता तो मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलंय.

देशादेशांच्या सरहद्दीवर हीच पाचोऱ्याची अडचण मोठ्या मापात येते. स्पेनचं जुनं गेज १,६६८ मिलिमीटर, आपल्यापेक्षा फक्त आठ मिलिमीटर कमी. शेजारच्या फ्रान्सचं १,४३५, ज्याला स्टँडर्ड गेज म्हणतात. स्पेननं हायस्पीड मार्ग बांधायला घेतले तेव्हा आपलं गेज सोडून १,४३५ घेतलं, कारण पुढे युरोपला जोडायचं होतं. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तीन देश सोव्हिएत काळातल्या १,५२० मिलिमीटरच्या रुळांवर आहेत. पोलंडकडे जाता यावं म्हणून त्यांनी 'रेल बाल्टिका' नावाचा ८७० किलोमीटरचा नवाच स्टँडर्ड गेज मार्ग घ्यायचं ठरवलं. तिथे रूळ बदलणं म्हणजे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवणं आहे.

आपल्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं गेजही १,४३५ आहे. म्हणजे ती आपल्या सुरत–भुसावळ लाईनवर कधीच येऊ शकणार नाही. सुरतेचं तिचं स्टेशन अंत्रोलीला. खानदेशातून गेलेल्या माणसानं उधना किंवा सुरत स्टेशनवर उतरायचं, पिशव्या उचलायच्या आणि तिथवर जायचं. पाचोराच म्हणा ना.

सौदी–कतारला मात्र हा त्रास नाही. सौदीची रेल्वे आधीपासून स्टँडर्ड गेजवर आहे आणि कतारला नव्यानंच सुरुवात करायची आहे. कोऱ्या पाटीचा हा फायदा.

इगतपुरीची इंजिनबदली

दुसरी गोष्ट, तार. भुसावळकरांना आठवत असेल, मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी हमखास रेंगाळायची आणि आपण वडापाव घ्यायचो. आपल्या बाजूनं २५ हजार व्होल्टची एसी वीज, मुंबईच्या बाजूनं १,५०० व्होल्टची डीसी. इकडचं इंजिन तिकडे चालायचं नाही, म्हणून बदली. पुढे टप्प्याटप्प्यानं सगळीकडे एसी झाली आणि इगतपुरीचा तो मुक्काम गेला. (वडापाव घ्यायला आता धावावं लागतं, हा भाग वेगळा.)

युरोपात अशा इगतपुऱ्या देशोदेशी आहेत. इंग्लंड आणि फ्रान्सला समुद्राखालून जोडणारा बोगदा १९९४ साली सुरू झाला, ५०.५ किलोमीटरचा. त्यातून लंडन–पॅरिस धावणाऱ्या युरोस्टार गाडीला तीन प्रकारची वीज घेता येईल अशी यंत्रणा बसवावी लागली: फ्रान्सची एसी, बेल्जियमची ३ हजार व्होल्ट डीसी आणि दक्षिण इंग्लंडची ७५० व्होल्ट, तीही तारेतून नाही तर जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून. फ्रान्समध्ये ३००नं सुसाटणारी गाडी इंग्लंडच्या हद्दीत आली की लोकलच्या मागे रखडायची. इंग्लंडनं आपल्या बाजूचा हायस्पीड मार्ग दोन टप्प्यांत, २००३ आणि २००७ मध्ये पूर्ण केला तेव्हा कुठे ती दोन्हीकडे सारखी धावू लागली. म्हणजे बोगद्याचं उद्घाटन आणि खरी हायस्पीड सेवा यांच्यात तेरा वर्षं गेली.

तिसरी गोष्ट, नियमांचं पुस्तक. सिग्नलचंही तसंच. पलीकडच्या देशाची यंत्रणा गाडीला आणि पलीकडची भाषा ड्रायव्हरला, दोन्ही यावी लागतात. नवापूरच्या चार भाषा त्या मानानं हौसेच्या.

मग पासपोर्ट पाहतात कुठे

काकांचा मूळ प्रश्न. याची तीन उत्तरं जगात चालतात.

पहिलं, सरहद्दीवर सगळ्यांना उतरवायचं. चीन आणि लाओस यांच्यातल्या रेल्वेवर एप्रिल २०२३ पासून कुनमिंग ते व्हिएन्तियान थेट प्रवासी गाडी सुरू झाली. लाओसच्या बाजूला बोतेन आणि चीनच्या बाजूला मोहान, दोन्हीकडे प्रवासी सामानासकट उतरतात, रांगेत उभे राहतात, शिक्का घेऊन पुन्हा चढतात. सुरुवातीला हजारेक किलोमीटरला साडेदहा तास लागायचे, त्यातला बराच वेळ रांगांचा. आपल्या कोलकाता–ढाका मैत्री एक्स्प्रेसचंही आधी असंच होतं: गेदे आणि दर्शना इथे तपासणी.

ज्यांनी जीएसटीच्या आधीचा नवापूरचा नाका पाहिलाय, त्यांना हे चित्र परकं नाही. महामार्गावर ट्रकांची रांग, क्लीनर कागदं घेऊन पळतोय, ड्रायव्हर ट्रकखाली सावलीत झोपलाय. ट्रक ताशी साठनं येवो की ऐंशीनं, धुळे–सुरत किती वेळात होणार ते नाक्यावर ठरायचं. जुलै २०१७ मध्ये करासाठीची ती अडवणूक गेली, तेव्हा ना रस्ता बदलला ना इंजिन, पण वेळ वाचला.

दुसरं उत्तर, निघतानाच सगळं उरकायचं. लंडनच्या स्टेशनवरच फ्रान्सचे अधिकारी बसतात, पॅरिसच्या स्टेशनवर इंग्लंडचे. प्रवासी गाडीत बसण्याआधीच पलीकडच्या देशात 'शिरलेला' असतो, मग गाडी मध्ये कुठेही थांबत नाही. मैत्री एक्स्प्रेसची तपासणीही नोव्हेंबर २०१७ पासून दोन्ही टोकांच्या स्टेशनांवर गेली आणि प्रवास काही तासांनी कमी झाला. पण याची किंमत आहे. दुसऱ्या देशाच्या पोलिसांना आपल्या भूमीवर अधिकार द्यायचे, म्हणजे दोन्हीकडे कायदा करावा लागतो. शिवाय प्रत्येक स्टेशनात विमानतळासारखी वेगळी जागा लागते. ॲमस्टरडॅमच्या स्टेशनात नव्या जागेचं काम चाललं होतं तेव्हा जून २०२४ पासून सात-आठ महिने लंडनकडे जाणारी थेट गाडीच बंद ठेवावी लागली. प्रवाशांना ब्रसेल्सला उतरून तपासणी करून घ्यावी लागे. एका दालनापायी!

तिसरं उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड: पाहायचाच नाही. पॅरिस–ब्रसेल्स गाडीत बसलं तर सरहद्द कधी ओलांडली ते फोनच्या मेसेजवरून कळतं, कारण युरोपातल्या बऱ्याच देशांनी आपसातली तपासणी करारानं काढून टाकली आहे. हे नवापूर.

आखाती देशांचं काय? त्यांचे नागरिक ओळखपत्रावर एकमेकांकडे जाऊ शकतात. त्यांना गाडी म्हणजे जवळपास नवापूर असू शकेल. पण कतारमध्ये राहणारे बहुसंख्य लोक बाहेरून कामाला आलेले आहेत, काकांच्या पुतण्यासारखे. त्यांना सौदीत शिरायला व्हिसा लागतो, आणि तो प्रश्न रेल्वेनं सुटत नाही. एकाच डब्यात दोन सीटवर दोन वेगळ्या सरहद्दी बसलेल्या असतील.

सामाईक विहीर

राहिली चौथी गोष्ट: रेल्वे एक की दोन. यंत्रं जुळवता येतात, नाक्यावरही तोडगा निघतो. पण दोन देशांच्या रेल्वेचं घोडं बहुतेक वेळा पेंड खातं ते भागीदारीत. बांधावर सामाईक विहीर असलेल्या दोन भावांना हे सांगावं लागत नाही. खोदताना खर्च निम्मा-निम्मा. मग एकाची केळी, दुसऱ्याची ज्वारी. पाणी कोणाला किती? मोटार जळली तर कोण भरणार? आणि धाकट्यानं मध्येच सांगितलं की मला विहीर नको, बोअर घेतो, तर आजवरच्या खर्चाचं काय?

क्वालालंपूर–सिंगापूरची गोष्ट अगदी अशीच झाली. ३५० किलोमीटर, दीड तासांचा प्रवास, आठ स्टेशनं, त्यातली सात मलेशियात आणि एक सिंगापुरात. २०१३ मध्ये घोषणा, डिसेंबर २०१६ मध्ये करार. मे २०१८ मध्ये मलेशियात सत्तापालट झाला, नव्या सरकारला खर्च डोईजड वाटला, सप्टेंबर २०१८ मध्ये काम पुढे ढकललं. मग वाद आला तो त्या विहिरीच्या मोटारीसारखा. गाड्या आणि सगळी यंत्रणा एकाच, दोघांनी मिळून निवडलेल्या कंपनीकडे द्यायची असं मूळ करारात होतं, म्हणजे बिघाड झाला तर जबाबदार कोण हे स्पष्ट राहील. मलेशियाला ती व्यवस्था नको झाली, सिंगापूरला तिच्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. ३१ डिसेंबर २०२० रोजी मुदत संपली, करार संपला, आणि मलेशियानं सिंगापूरला १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. एक मीटरही रूळ न टाकता.

माझ्या मते यात कौतुकाची गोष्ट एकच: भरपाई किती आणि कशी, हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. म्हणून भांडण पैसे देऊन मिटलं. त्याच दोन देशांनी जोहोर बारू ते सिंगापूर हा चार किलोमीटरचा छोटा रेल्वे दुवा मात्र धरून ठेवला. दोन्हीकडची तपासणी निघतानाच, एका जागी, आणि २०२६च्या अखेरीस प्रवाशांसाठी उघडायचं ठरवलं. रोज लाखो लोक कामासाठी ती खाडी ओलांडतात. तिथे गरज घोषणेच्या आधीपासून होती.

दुसरी गोष्ट फ्रान्स–स्पेनची, आणि ही आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल: पूल झाला, पोचरस्ता नाही. पिरेनीज पर्वतातून पर्पिन्याँ ते फिगेरेस हा ४४ किलोमीटरचा हायस्पीड दुवा, त्यात आठ किलोमीटरचा बोगदा, एका खासगी कंपनीनं २००९च्या सुरुवातीला बांधून तयार केला. पण स्पेनच्या बाजूनं बार्सिलोनाहून येणारा हायस्पीड मार्ग जानेवारी २०१३ मध्ये पोचला. पॅरिस–बार्सिलोना थेट गाडी सुरू व्हायला डिसेंबर २०१३ उजाडला. मधली वर्षं कर्जाचं व्याज चालूच. पुढेही गाड्या अंदाजापेक्षा फारच कमी आल्या, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१६च्या अखेरीस दोन्ही देशांच्या सरकारी रेल्वे संस्थांना तो मार्ग ताब्यात घ्यावा लागला. बोगदा उत्तम आहे, अजून वापरात आहे. बांधकामात खोट नव्हती, शेजाऱ्यांच्या तारखा जुळल्या नाहीत.

आणि हे परदेशातच होतं असं नाही. तापी खोऱ्यातल्या, पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सह्या मे २०२५ मध्ये झाल्या. एकाच देशातली दोन राज्यं, एकच नदी, तरी किती वर्षं आपण ते नाव ऐकत होतो!

बसणार कोण

सौदी–कतार गाडीत वर्षाला एक कोटीहून जास्त प्रवासी बसतील असं सांगितलं गेलंय. रोजचे साधारण २७ हजार. पाचशे सीटची गाडी धरली तर दोन्ही दिशा मिळून ५५ गाड्या, खचाखच भरून, रोज.

कतारची सगळी लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाख होती. म्हणजे जळगाव जिल्ह्याहून लहान देश. युरोस्टारनं लंडनहून पॅरिस-ब्रसेल्सकडे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांचा वर्षाला एक कोटीचा आकडा गाठला तो सुमारे एकोणीस वर्षांनी, २०१३ मध्ये, आणि तिथे दोन्ही टोकांना अवाढव्य शहरं आहेत. सुरुवातीच्या अंदाजात तर १९९५ सालीच दीड कोटीहून जास्त प्रवासी धरले होते. त्या वर्षी प्रत्यक्षात तीस लाखही बसले नाहीत. रियाध–दम्माम असा सौदीच्या आतला प्रवास धरला तर एक कोटी अशक्य नाही, पण मग ते प्रवासी सरहद्द ओलांडणारे नसतील.

अंदाज का चुकतात? कारण सरहद्द आली की माणसं कमी प्रवास करतात. अंतर तेवढंच असलं तरी. पलीकडे नोकरी नसते, नातं नसतं, भाषा वेगळी असते. आमच्या सुरत पॅसेंजरकडे बघा. ती भरून का जाते? उधना, लिंबायतमध्ये अर्धा खानदेश राहतो. लूमवर काम करणारे, साडीच्या दुकानात बसणारे, त्यांच्या बायका, सासरमाहेर, बारसं, दहावं. कोणी सर्वेक्षण करून ही गर्दी तयार केली नाही. गाडीची दशा कशीही असो, माणूस जाणारच. रियाध आणि दोह्यात नातीगोती आहेत, व्यापार आहे, फुटबॉल आहे. पुरेसं आहे का, ते गाडी सुरू झाल्यावरच दिसेल.

"एवढ्या पैशात साध्या गाड्या नसत्या आल्या का?"

हा आक्षेप आमच्या डब्यातही आला, वरच्या बर्थवरून. तो झटकून टाकण्यासारखा नाही.

लाओसनं नेमकं हेच केलं असं म्हणता येईल. त्यांची लाईन ताशी १६०ची, म्हणजे व्याख्येनुसार हायस्पीड नाहीच. पण तिच्यावर मालगाडी चालते. थायलंडचा दुरियान, तो काटेरी उग्र वासाचा फळप्रकार, थंड कंटेनरमधून याच मार्गे चीनला जातो. ३००च्या खऱ्या हायस्पीड मार्गावर जड मालगाड्या सहसा नसतात. रुळांची झीज, वेगातला फरक, दोन्ही परवडत नाही. रावेर–सावद्याच्या केळी उत्पादकानं हे लक्षात घ्यावं. आपली केळी आखातात जातात, तीही जहाजानं. उद्या रियाध–दोहा गाडी धावली तरी केळीचा एक घडही तिच्यात चढणार नाही. शेतमालाला हवी असते १००–१६०ची, वेळेवर सुटणारी, वाटेत सायडिंगला न सडवणारी गाडी.

पण स्वस्त वाटेलाही किंमत असतेच. लाओसच्या लाईनला सहा अब्ज डॉलरच्या घरात खर्च आला, मालकीत ७० टक्के चीन आणि ३० टक्के लाओस, आणि पैशाचा मोठा भाग चिनी बँकेचं कर्ज. छोट्या देशाला ते ओझं जड आहे. रेल बाल्टिकाचा अंदाज २०१७ मध्ये ५.८ अब्ज युरो होता. २०२४ मध्ये तो पूर्ण योजनेसाठी २४ अब्जांच्या जवळ गेला. आपली बुलेट ट्रेनही सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी झालेली, २०२२ला धावायची होती. आता सुरत–बिलिमोरा हा पहिला तुकडा ऑगस्ट २०२७ चा सांगतात. तिथे तर सरहद्दही नाही, फक्त राज्य बदलतं, आणि महाराष्ट्रातल्या भूसंपादनानंच बराच काळ घेतला.

सौदी–कतारकडे पैसा आहे, मोकळी जमीन आहे, आणि सौदीला २०१८ पासून मक्का–मदिना ही ३००ची रेल्वे वाळूत चालवायचा अनुभवही आहे. बांधतील, असं मला वाटतं.

उद्या शेजारी रुसला तर

कतारला जमिनीवरची सरहद्द एकाच देशाशी आहे, सौदीशी. ५ जून २०१७ रोजी सौदीनं ती बंद केली. खाण्यापिण्याचा बराच माल त्याच रस्त्यानं यायचा. दुधाची टंचाई नको म्हणून कतारमधल्या एका डेअरीनं परदेशातून गायी विमानानं आणवल्या. जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला आणि सरहद्द उघडली. त्यानंतर पाच वर्षंही उलटायच्या आत त्याच सरहद्दीवरून हायस्पीड रेल्वे नेण्याचा हा करार झाला आहे. म्हणून काही जण म्हणतात, हा रेल्वेचा करार कमी आणि दिलजमाईचा जास्त. असेलही. पण रस्ता बंद झाला तर ट्रक दुसरीकडे वळतो. रूळ वळवता येत नाहीत.

आपल्याला हे दुरून पाहायची गरज नाही. दिल्ली आणि लाहोर जोडणारी समझोता एक्स्प्रेस १९७६ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे. मैत्री एक्स्प्रेस २००८ मध्ये सुरू झाली. नाका हलवून तिचा वेळ वाचवला, ते वर सांगितलं. जुलै २०२४ मध्ये ती थांबली. आगरतळा–अखौरा दुव्याचं उद्घाटन दोन्ही पंतप्रधानांनी १ नोव्हेंबर २०२३ रोजी केलं आणि पुढच्या वर्षी ढाक्यातलं सरकारच बदललं. नेपाळकडे मात्र एप्रिल २०२२ पासून जयनगर–कुर्था गाडी चालते, ३५ किलोमीटर, साधी ब्रॉडगेज, कोकण रेल्वेनं पुरवलेल्या डिझेल गाड्यांची. भूतानसाठी कोक्राझार–गेलेफू आणि बनारहाट–सामत्से हे दोन मार्ग सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, मिळून ८९ किलोमीटर. कुठेही तीनशेचा वेग नाही.

एवढं सगळं काही मी डब्यात सांगितलं नाही. एक्स्प्रेस धडधडत पुढे गेली, आमचा सिग्नल झाला. काकांना इतकंच म्हणालो की पासपोर्ट बहुतेक निघतानाच पाहतील, पण पुतण्याला व्हिसा लागेल तो लागेलच.

"मंग त्याले सांगतो, इमानानंच ये," ते म्हणाले, आणि उधना येईपर्यंत झोपले.